अब्रू कोणाची गेली?

दरवर्षी १७ सप्टेंबर उजाडला की मराठवाड्यात झेंडावंदन होते, हुतात्म्यांच्या स्तंभांना हार पडतात, आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने भाषणे होतात. त्याच दिवशी हैदराबाद शहरात मात्र दिवसाच्या नावावरूनच दरसाल जुंपते. कोणी मुक्तिदिन म्हणतो, कोणी एकात्मता दिन, आणि या बारशाच्या भांडणात ज्यांच्यावर तो इतिहास गुदरला त्यांची आठवण काढण्यास कोणाला फुरसत उरत नाही. १९४८ च्या १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य निजामाच्या राज्यात शिरले आणि पाचव्या दिवशी निजामाने शरणागती पत्करली. सोळा जिल्ह्यांचे आणि दीड कोटीहून अधिक प्रजेचे ते राज्य भारतात आले. ही घटना मंगल होती, आवश्यक होती, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. सत्याग्रहींच्या पंगतीत घडलेल्या माणसाला तो असूच शकत नाही. पण लग्न पार पडले म्हणून मांडवात काय काय घडले ते विचारूच नये, असा दंडक आम्हांस मान्य नाही.

प्रथम त्या चार-पाच दिवसांच्या आधीचे. लातूरचा वकील कासीम रझवी याने उभ्या केलेल्या रझाकारांनी मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटक या तिन्ही प्रांतांत जो धुमाकूळ घातला त्याच्या कथा सोलापूर, बार्शी, उमरखेडच्या बाजूला आश्रयाला आलेल्या कुटुंबांनी सांगितल्या आणि त्या आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगितल्या जात आहेत. गावे जळाली, माणसे मारली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. तेलंगणातील भैरानपल्ली आणि बिदरकडील गोरटा ही नावे त्या भागात अजून हळू आवाजात घेतली जातात. रझाकारांना विरोध करणाऱ्यांत मुसलमानही होते, हे सांगणे येथे अगत्याचे आहे. ‘इमरोझ’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनी निजामाच्या राज्याने भारतात सामील व्हावे असे लिहिले, आणि ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत रझाकारांनी त्यांना भर रस्त्यात ठार केले. त्यांचे हात तोडले होते. पत्रव्यवसायातील माणसाने हा तपशील विसरू नये, म्हणून तो येथे दिला.

आता नंतरचे. पोलीस कारवाई संपली, निजामाच्या फौजेने शस्त्रे खाली ठेवली, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत सूडाची लाट उठली. ही बातमी दिल्लीस पोचल्यावर पंडित नेहरूंनी एक शिष्टमंडळ हैदराबाद राज्यात पाठविले. त्याचे प्रमुख पंडित सुंदरलाल. हे तेच सुंदरलाल, ज्यांचा ‘भारत में अंग्रेज़ी राज’ हा ग्रंथ १९२९ साली ब्रिटिश सरकारने जप्त केला होता. ते गांधीजींच्या परिवारातले जुने काँग्रेसवाले. त्यांच्यासमवेत काझी अब्दुल गफ्फार होते, हैदराबादच्या ‘पयाम’ या उर्दू दैनिकाचे संपादक, आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी होते. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात हे तिघे सोळांपैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. सात जिल्ह्यांची मुख्य ठिकाणे, एकवीस शहरे आणि तेवीस मोठी गावे त्यांनी पाहिली. जेथे जाता आले नाही अशा १०९ गावांतील पाचशेहून अधिक माणसांना त्यांनी बोलते केले. त्यांचा अंदाज असा की, कारवाईच्या काळात व तिच्यानंतर किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली. सर्वाधिक हानी झालेले चार जिल्हे उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. उस्मानाबाद म्हणजे आजचे धाराशिव, आणि गुलबर्गा म्हणजे आजचे कलबुर्गी. यांपैकी दोन जिल्हे आपल्या भाषेचे, ओव्या-अभंगांचे.

त्या अहवालात लूट, जाळपोळ आणि खून यांच्याबरोबरीने स्त्रियांवरील बलात्काराची आणि त्यांना पळवून नेल्याची नोंद आहे. काही स्त्रियांना राज्याबाहेर, सोलापूर आणि नागपूरसारख्या शहरांपर्यंत नेण्यात आले, असे त्यात लिहिले आहे. सोलापूर! ज्या शहराने रझाकारांच्या भीतीने पळालेल्या आपल्या माणसांना पोटाशी धरले, त्याच शहराचे नाव पळविलेल्या स्त्रियांच्या वाटेवर यावे, यापरते दैवदुर्विलसित कोणते?

मात्र याच अहवालात दुसरीही एक नोंद आहे, आणि आमचा आजचा लेख खरे म्हणजे त्या नोंदीसाठी आहे. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना आसरा दिला, असे सुंदरलाल-गफ्फार लिहितात. एकाच धंद्यातील माणसांत ही माया अधिक दिसली. काही गावांत हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी हिंदूंच्याच जमावापुढे उभे राहिले आणि त्यापायी काहींनी जीव गमावले. आणि पळवून नेलेल्या मुसलमान स्त्रियांना परत आणण्याच्या कामी अनेक हिंदूंनी साह्य केले.

ही माणसे कोण होती? त्यांची नावे कोठल्या स्तंभावर कोरलेली नाहीत. त्यांना कोणी कार्यकर्ते म्हटले नाही, त्यांची संस्था नव्हती, पावतीपुस्तक नव्हते, अध्यक्ष-कार्यवाह नव्हते. विचार करून पाहा: गाव पेटलेले आहे, शेजारच्या गल्लीतील मुलगी अमक्याच्या घरात डांबली आहे हे सर्वांस ठाऊक आहे, तो अमका आपल्याच जातीचा आहे, कदाचित काल आपल्याच बरोबर प्रभातफेरीत होता. अशा वेळी त्याच्या दारात जाऊन ‘तिला सोड’ म्हणणे हे रझाकाराच्या गोळीपुढे उभे राहण्याहून सोपे नव्हे. गोळीपुढे उभे राहिलेल्यास निदान आपली माणसे हुतात्मा म्हणतात. दारात जाऊन उभे राहिलेल्यास आपलीच माणसे फितूर म्हणतात. मुक्तिसंग्रामाच्या वीरगाथांत या लोकांचा एक अध्याय असावयास हवा होता. तो लिहिला गेला नाही.

लिहिला जाण्यासाठी आधी अहवाल तरी वाचावयास मिळायला हवा होता. तो सरकारने प्रसिद्ध केला नाही. अनेक वर्षे तो दप्तरात पडून राहिला. २००१ च्या सुमारास ‘फ्रंटलाइन’ पाक्षिकाने त्यातील भाग छापले, आणि २०१३ साली अ. गो. नूरानी यांच्या हैदराबादविषयक ग्रंथात तो समग्र आला. तोपर्यंत पासष्ट वर्षे उलटली होती. ज्या मुलीचे वय त्या वेळी पंधरा असेल ती ऐंशीची झाली होती. बहुतेकींनी तोपर्यंत जगाचा निरोप घेतला असणार.

आम्हांस ठाऊक आहे की येथवर वाचून काही वाचकांच्या कपाळी आठी पडली असेल. ‘हे आता उकरून कशाला काढता? रझाकारांनी आमच्या बायकांचे काय केले ते आधी सांगा,’ असे ते म्हणतील. ते आम्ही आधीच सांगितले, आणि पुन्हा सांगू. २०२४ साली रझाकारांवर एक तेलुगू चित्रपटही निघाला. तो पाहणारे खुशाल पाहोत. आमचे म्हणणे एवढेच की, जमावाने उचललेली गुलबर्ग्याची मुसलमान विणकराची मुलगी आणि रझाकाराने फरफटत नेलेली तेलंगणातील शेतकऱ्याची सून या दोघींचा हिशेब एकमेकींतून वजा करता येत नाही. हा वाण्याचा जमाखर्च नव्हे. शिवाय आपल्या परंपरेचा अभिमान सांगणाऱ्यांनी २८ जानेवारी १६४६ चे पत्र आठवावे. रांझ्याचा पाटील बाबाजी गुजर याने स्त्रीशी बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले आणि पाटिलकी काढून घेतली. पाटील स्वराज्यातला होता, परका नव्हता. महाराजांच्या उपलब्ध पत्रांत अगदी आरंभीचे जे आहे ते हे. राज्याचा पायाच जणू ‘आपल्या’ माणसाला दिलेल्या शिक्षेने घातला गेला. आजच्या न्यायात हातपाय तोडणे बसत नाही हे उघड आहे. परंतु अपराधी आपला आहे की परका हे न पाहण्याची जी दृष्टी त्या पत्रात आहे, ती १९४८ साली आपल्यापैकी पुष्कळांनी गमावली होती, हे कबूल करावयास आमची जीभ का अडखळावी?

फाळणीच्या वेळी पंजाबात हेच अधिक मोठ्या प्रमाणावर घडले. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल आणि त्यांच्या सहकारिणींनी पळविलेल्या स्त्रियांच्या शोधासाठी जे श्रम घेतले त्यांस तोड नाही. दोन्ही देश मिळून तीस हजारांच्या घरात स्त्रिया परत आणल्या गेल्या. १९४९ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. पण त्या कायद्यात एक मोठी उणीव होती. कोठे राहायचे हे त्या स्त्रीला विचारण्याची तरतूद त्यात नव्हती. हिंदू असेल तर भारतात, मुसलमान असेल तर पाकिस्तानात, असा हिशेब दोन सरकारांनी केला. कोणी तेथे मूल झालेली, कोणी नवा संसार मांडलेली, कोणी माहेरचे लोक स्वीकारणार नाहीत या भयाने थरथरणारी. प्रत्येकीची कथा निराळी, आणि आदेश मात्र एक. शोध घेणाऱ्या कार्यकर्त्या स्त्रियांपैकी काहींना हे सलले आणि त्यांनी पुढे ते लिहून ठेवले. पीडितेला साह्य म्हणजे तिला उचलून आणणे नव्हे, ‘बाई, तुला काय हवे?’ हे विचारणे, हा धडा त्या पिढीने फार मोठी किंमत देऊन शिकला. अर्थात ती किंमत दिली दुसऱ्यांनीच.

बांगलादेशाच्या उदाहरणात आणखी एक बारकावा आहे. १९७१ च्या युद्धात पाकिस्तानी सैन्याने लाखो स्त्रियांवर अत्याचार केले. स्वतंत्र झाल्यावर नव्या सरकारने त्यांना ‘वीरांगना’ ही पदवी दिली. हेतू थोर होता. परंतु ज्या स्त्रीला लोक त्या नावाने हाक मारू लागले तिचे गावात काय झाले हे सर्वांना एकाच क्षणी कळले, आणि सन्मानाचा शब्द डाग होऊन बसला. शिल्पकार फिरदौसी प्रियभाषिणी यांच्यासारख्या एखादीने पुढे उघडपणे बोलण्याचे धैर्य केले. बाकीच्यांना मुक्तियोद्ध्यांचा दर्जा आणि निवृत्तिवेतन मिळू लागले ते २०१५ पासून, म्हणजे चव्वेचाळीस वर्षांनी. शब्द फुकट मिळतो, पेन्शनला चाळीस वर्षे लागतात.

पुन्हा हैदराबादकडे येऊ, कारण या विषयात त्या शहराने नंतर जे केले ते देशाने शिकावे असे आहे. १९७८ च्या मार्च महिन्यात नल्लाकुंटा पोलीस ठाण्यात एका गरीब स्त्रीवर पोलिसांनी सामूहिक बलात्कार केला. रात्रीचा खेळ पाहून ती नवऱ्याबरोबर घरी निघाली होती, एवढाच तिचा गुन्हा. जाब विचारणाऱ्या नवऱ्याला इतके मारले की तो मेला. तिचे नाव त्या काळी देशभर छापून आले होते, तरी आम्ही ते येथे लिहीत नाही. हजारो लोक प्रेत घेऊन ठाण्यावर गेले, गोळीबार झाला, संचारबंदी लागली. न्यायमूर्ती मुक्तदर यांच्या चौकशी आयोगापुढे पोलिसांच्या वतीने सारा जोर कशावर दिला गेला? ही बाई वेश्या आहे आणि तिचे लग्नच खरे नाही, हे सिद्ध करण्यावर! आयोगाने तो डाव मानला नाही आणि पोलिसांना दोषी ठरविले. पुढे खटला कर्नाटकात रायचूरला नेण्यात आला, आणि १९८१ साली आरोपी निर्दोष सुटले.

त्याच वेळी महाराष्ट्रात काय चालले होते? चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. त्यावर १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. मुंबईत, दिल्लीत, हैदराबादेत स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्या रेट्यातून १९८३ चा कायदा झाला. कोठडीतील बलात्कार हा वेगळा व अधिक गंभीर गुन्हा ठरला, आणि अशा खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ या स्त्रीच्या शब्दाला वजन आले. पीडितेचे नाव छापणे गुन्हा झाला, तेही तेव्हापासून. आम्हा वृत्तपत्रवाल्यांना ती बुद्धी आधी सुचली नव्हती, हे येथे नमूद करून ठेवतो.

हैदराबादेत त्याच काळात ‘स्त्री शक्ती संघटना’ उभी राहिली होती. के. ललिता, वसंत कन्नबिरन, रमा मेलकोटे, सूझी थारू आदी तिच्या कार्यकर्त्या. मोर्चे काढून त्या थांबल्या नाहीत. तेलंगणाच्या सशस्त्र लढ्यात, १९४६ ते १९५१ या काळात, निरोप पोचविणाऱ्या, भूमिगतांना भाकर देणाऱ्या आणि प्रसंगी बंदूक हाती घेणाऱ्या ज्या स्त्रिया होत्या त्यांच्या दारी त्या ध्वनिमुद्रक घेऊन गेल्या. १९८६ साली त्या मुलाखतींचे तेलुगू पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ ‘आपल्याला ठाऊक नसलेला आपला इतिहास’ असा आहे. मल्लू स्वराज्यम यांच्यासारख्या प्रसिद्ध स्त्रिया त्यात आहेत आणि ज्यांचे नाव गावाबाहेर गेले नाही अशाही आहेत. त्यांनी रझाकारांविषयी सांगितले, नंतर आलेल्या सैन्य-पोलिसांविषयी सांगितले, आणि लढा मागे घेतल्यावर ‘आता घरी जाऊन चूल सांभाळा’ म्हणणाऱ्या आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्यांविषयीही सांगितले. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाविषयी मराठीत पुस्तकांचा तोटा नाही. मात्र असे चिकाटीने केलेले काम आपल्याकडे किती झाले, हा प्रश्न आम्ही विद्यापीठांना विचारू इच्छितो. नांदेडच्या विद्यापीठाला तर स्वामीजींचेच नाव आहे.

या साऱ्या जुन्या गोष्टी झाल्या असे समजण्याचे कारण नाही. हैदराबाद ज्याची राजधानी होती त्या अविभक्त आंध्रात, विशाखापट्टणम जिल्ह्याच्या वाकपल्ली या आदिवासी पाड्यात, २० ऑगस्ट २००७ रोजी नक्षलवाद्यांच्या शोधात आलेल्या ‘ग्रेहाउंड्स’ पोलीस दलाच्या माणसांनी आपल्यावर बलात्कार केला, अशी तक्रार अकरा कोंध स्त्रियांनी केली. सरकार आपलाच शत्रू शोधण्यासाठी आपल्याच जंगलात सशस्त्र माणसे पाठविते, तेव्हा ते युद्ध नव्हे असे कायद्याचे पंडित म्हणतील. पाड्यातील बाईला तो भेद कळत नाही. हैदराबादचे के. बालगोपाल आणि त्यांचा ह्यूमन राइट्स फोरम या स्त्रियांच्या पाठीशी उभे राहिले. बालगोपाल मूळचे गणिताचे प्राध्यापक, पुढे वकील झालेले, साधे, थोडके बोलणारे. ते २००९ साली गेले, पण त्यांच्या सोबत्यांनी खटला सोडला नाही. एप्रिल २०२३ मध्ये, सोळाव्या वर्षी, विशाखापट्टणमच्या विशेष न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले, आणि ते सोडताना तपास सदोष झाल्याचे सांगून त्या स्त्रियांना नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. शिक्षा कोणालाच नाही आणि भरपाई मात्र द्यायची, या निकालाचा अर्थ वाचकांनीच लावावा. त्या अकरा स्त्रिया एवढी वर्षे डोंगर उतरून तारखांना जात राहिल्या, एवढे आम्हांस दिसते.

त्याच वर्षी मे महिन्यात मणिपुरात दोन स्त्रियांची विटंबना जमावाने केली आणि तिचे चित्रण जुलैत देशाने पाहिले. तेव्हा कोठे सर्वोच्च न्यायालयाने माजी न्यायमूर्ती गीता मित्तल, शालिनी फणसळकर-जोशी आणि आशा मेनन यांची समिती नेमली आणि तपासावर देखरेखीसाठी महाराष्ट्राचे माजी पोलीस महासंचालक दत्तात्रय पडसलगीकर यांना पाठविले. दोन मराठी नावे या कामी आली याचे समाधान आहे. पण चित्रफीत बाहेर आली नसती तर काय, हा प्रश्न त्या समाधानाला कुरतडीत राहतो.

साह्य म्हणजे नेमके काय, हे आता जगाला पुरेसे कळले आहे. काँगोत बुकावू येथे डॉ. डेनिस मुकवेगे यांनी १९९९ साली पान्झी रुग्णालय उभारले. तेथे शस्त्रक्रिया, मनाचा उपचार, वकील आणि पोटापाण्याचा धंदा हे सारे एका आवारात मिळते. २०१८ चे शांततेचे नोबेल त्यांना व यझिदी तरुणी नादिया मुराद यांना मिळाले. हैदराबादच्या पोलिसांनीच २०१६ साली ‘भरोसा’ नावाचे केंद्र उघडले. तेथे पीडितेला एका दारातून दुसऱ्या दारी हिंडावे लागू नये अशी योजना आहे. ज्या शहराच्या पोलीस ठाण्यात १९७८ चे ते पाप घडले त्याच शहराच्या पोलिसांनी हे करावे, यामागे चाळीस वर्षे दारे ठोठावणाऱ्या बायकांचा हात आहे. सरकारची कृपा म्हणून ते कोणी मोजू नये.

आपल्या किनाऱ्यावर सुदैवाने असे वादळ आले नाही. १९६१ च्या डिसेंबरात सैन्य आले आणि गोवा मुक्त झाला, शेजाऱ्याने शेजारी कापला नाही. म्हणून हे दुःख आपल्याला ऐकीव वाटते. पण त्या दुःखाला जगविणारी भाषा मात्र आपल्या घरात पुरेपूर आहे. बाई ‘बाटली’, तिचे ‘शील भ्रष्ट झाले’, घराण्याची ‘अब्रू गेली’. अत्याचार करणारा पुरुष वाक्यातून अलगद निसटतो आणि जी गेली, बाटली, नासली ती बाई तेवढी मागे राहते. गुलबर्ग्याहून सोलापूरला नेलेली ती मुलगी परत आली असेल तर तिला घरात घेताना कोणत्या शब्दांनी घेतले असेल? ते शब्द आपल्यापेक्षा निराळे नसावेत.

या पापात वृत्तपत्रे सामील आहेत, आणि त्यांत आम्हीही. या अंकासाठी आम्ही आमचीच जुनी बांधीव फाईल चाळली. ‘विवाहितेची अब्रू लुटली’, ‘तरुणीची अब्रू धोक्यात’ असे मथळे आमच्याच हाताखालून गेलेले सापडले. मथळा आटोपशीर बसतो, रकान्यात मावतो, म्हणून तो जातो. आजपासून आमच्या बातमीदारांना व उपसंपादकांना लेखी सूचना दिली आहे की गुन्ह्याला गुन्ह्याच्या नावाने संबोधावे, वाक्यात कर्ता लिहावा, आणि ‘अब्रू’ हा शब्द मथळ्यात आलाच तर तो आरोपीच्या नावापुढे यावा. वाचकांना जुना शब्द कोठे चुकून छापलेला दिसला तर अंकाची तारीख घालून आम्हांस पत्र पाठवावे.